तीन पाय आणि अनेक खांदे : मोठ्या कॅमेऱ्याच्या ओझ्याचा इतिहास

१/
मोठ्या फिल्मवर छायाचित्रण करणारा आज ट्रायपॉड निवडू लागला, की त्याचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. कार्बन फायबरचा घ्यावा का? किती हलका? आणि हलका घेतला तर कॅमेरा स्थिर राहील का? एकोणिसाव्या शतकातील नामवंत छायाचित्रकारांना हा प्रश्न या रूपात पडत नसे. वजन तेव्हा आजच्याहून कितीतरी अधिक होते. परंतु ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर असे. ते ओझे छायाचित्रकाराच्या स्वतःच्या खांद्यावर कसे आले, हे या धाग्यात पाहू. #इतिहास #धागा

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ज्या कॅमेऱ्यात निदान ४ बाय ५ इंच आकाराची फिल्म किंवा काच बसते, त्यास लार्ज फॉरमॅट कॅमेरा म्हणतात. ३५ मिमी फिल्मच्या एका चौकटीच्या सुमारे १५ पट हे क्षेत्रफळ भरते. ८ बाय १० इंची फिल्मचे तर सुमारे ६० पट. पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि दोहोंमध्ये घड्यांचा भाता, अशी त्याची रचना. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन मागील काचेवरची उलटी प्रतिमा न्याहाळतो.

३/
असा कॅमेरा हातात धरून भागत नाही. जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव हवे असेल, तर भिंगाचे छिद्र अतिशय बारीक करावे लागते. छिद्र बारीक केले की प्रकाश घटतो आणि एक्स्पोजरचा काळ लांबतो. १९३२ साली कॅलिफोर्नियातील काही छायाचित्रकारांनी आपल्या मंडळाचे नावच 'ग्रुप एफ/६४' ठेवले, ते अशाच बारीक छिद्रावरून. एक्स्पोजर कित्येक सेकंदांचे असेल, तर तेवढा वेळ कॅमेरा खडकासारखा अचल राहिला पाहिजे.

४/
यासाठी तीन पायच का? कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच. चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असे नाही. म्हणून ओबडधोबड जमिनीवर चार पायांचे टेबल डुगडुगते, तिवई मात्र टेकून उभी राहते. भूमापकांना हे ठाऊक होते आणि त्यांची यंत्रे तीन पायांवरच उभी राहत. छायाचित्रकारांनी तीच युक्ती उचलली. ट्रायपॉडची मूळ कल्पना तेव्हापासून बदललेली नाही. बदलला तो पायांचा पदार्थ, आणि पाय वाहून नेणारा माणूस.

५/
आता १८५१ सालाकडे वळू. त्या वर्षी फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज कलावंताने 'ओली कलोडियन' पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांच्या आत, रसायनाने धुऊन प्रतिमा उमटवायची. याचा अर्थ असा, की डोंगरावर चित्र घ्यायचे तर अंधारखोलीही डोंगरावर न्यावी लागे.

६/
आणि काच मोठी का? कारण लहान निगेटिव्हवरून मोठी प्रत काढणे त्या काळी व्यवहारात जवळजवळ अशक्य होते. निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून उन्हात प्रत काढीत. म्हणजे जेवढी काच, तेवढेच चित्र. भिंतीवर शोभेल असे चित्र हवे असेल, तर तेवढीच मोठी काच आणि ती मावेल एवढा मोठा कॅमेरा हवा. साहजिकच त्याखालचा ट्रायपॉडही तितकाच दणकट लागे.

७/
जरा हिशेब करून पाहू. दोन मिलिमीटर जाडीची १० बाय १२ इंची एक काच सुमारे ३९० ग्रॅम भरते. अशा २५० काचा घेतल्या तर नुसती काचच शंभर किलोच्या घरात जाते. त्यावर कॅमेरा, भिंगे, लाकडी ट्रायपॉड, अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, आणि वाटेत काच फुटू नये म्हणून भक्कम पेट्या. एका माणसाचे हे ओझेच नव्हे.

८/
हे नवे शास्त्र मुंबईत लवकर रुजले. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर, १८५६ मध्ये निघाल्या. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सोसायटीचे सक्रिय सदस्य आणि स्वतः छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला.

९/
त्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. बिग्ज कागदी निगेटिव्ह वापरी. मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप हाही मेण लावलेल्या, १२ बाय १५ इंच एवढ्या मोठ्या कागदी निगेटिव्हवर काम करीत असे. काचेइतका तपशील कागदात उतरत नाही. पण कागद फुटत नाही, जड नसतो आणि आधी तयार करून नेता येतो. वजन आणि तपशील यांतील ओढाताण अशी आरंभापासूनच दिसते.

१०/
या ओढाताणीत काचेच्या बाजूने उभा राहिलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे सॅम्युअल बोर्न. नॉटिंगहॅमच्या बँकेतील कारकुनी सोडून तो १८६३ साली हिंदुस्थानात आला. सिमला हे त्याचे ठाणे. 'बोर्न अँड शेफर्ड' या पुढे गाजलेल्या स्टुडिओतील बोर्न तो हाच. १८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन वर्षी त्याने हिमालयात मोहिमा काढल्या आणि त्यांची वर्णने लंडनच्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी'त क्रमशः छापली.

११/
पहिल्या मोहिमेत सुमारे ३० हमाल होते. दहा आठवड्यांच्या त्या प्रवासात त्याने १४७ निगेटिव्ह तयार केल्या. दुसरी मोहीम काश्मीरची. ती नऊ महिन्यांहून अधिक चालली. तीत सामान वाहायला ४२ हमाल होते आणि निगेटिव्ह झाल्या ५४६. तिसऱ्या मोहिमेत तो मणिरंग खिंडीपर्यंत चढला. त्याने दिलेल्या आकड्यानुसार ही उंची १८,६०० फूट. एवढ्या उंचीवर त्यापूर्वी कोणी छायाचित्र घेतल्याची नोंद नव्हती.

१२/
हा विक्रम इतिहासात बोर्नच्या नावावर आहे, आणि त्याचे कौशल्य निर्विवाद आहे. गोठवणाऱ्या थंडीत, तंबूतल्या अंधारात काचेवर सारखा थर पसरवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. पण त्याच खिंडीत त्याच्याबरोबर काचेच्या पेट्या, रसायने आणि ट्रायपॉड पाठीवर घेऊन काही माणसेही चढली होती. चढ तोच, हवा तितकीच विरळ, आणि पाठीवर मणाचे ओझे. त्यांच्या नावावर कोणताही विक्रम नाही.

१३/
बोर्नच्या लेखांत हे हमाल वारंवार येतात, पण बहुतेक वेळा तक्रारीचा विषय म्हणून. ते ओझे टाकून पळून जातात, लपून बसतात, पुढे यायला नकार देतात. अशा प्रसंगी आपण त्यांच्यावर काठी चालवली, हेही तो लपवीत नाही. आपल्या वाचकांना त्यात काही गैर वाटेल अशी शंका त्याला शिवत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक प्रश्न विचारावा : जो माणूस आपल्या खुशीने मजुरीला आला आहे, तो अर्ध्या वाटेवर मजुरी सोडून का पळेल?

१४/
उत्तराचा मोठा भाग 'बेगार' या शब्दात आहे. मराठी वाचकाला तो परका नाही. वेठबेगार पेशवेकालीन कागदपत्रांतही भेटते. हिमालयातील डोंगरी मुलखात साहेबाचा, अधिकाऱ्याचा किंवा शिकाऱ्याचा मुक्काम पडला, की गावाने माणसे पुरवायची, ही जुनी रीत होती आणि ब्रिटिश अमलात ती अधिकच घट्ट झाली. पेरणीचे दिवस असोत वा कापणीचे, बोलावणे आले की जावे लागे. मोबदला मिळाला तरी नकाराची मुभा नसे. पळून जाणे हाच त्यांचा नकार होता.

१५/
अमेरिकेत हेच ओझे जनावरांवर पडले. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्सने १८ बाय २२ इंची काचा घेणारा प्रचंड कॅमेरा खेचरांच्या तांड्यावर लादून योसेमिटीच्या दरीत नेला. १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी ती दरी जनतेसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामागील जनमत घडवण्यात या चित्रांचा वाटा मानला जातो. विल्यम हेन्री जॅक्सनच्या खेचराचे नाव तर 'हायपो' होते, म्हणजे छायाचित्र पक्के करणाऱ्या रसायनाचे! खेचराचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बोर्नच्या हमालांची नावे नाहीत.

१६/
१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा प्लेट बाजारात मिळू लागल्या. अंधाराचा तंबू आणि ओली रसायने गळून पडली. काच मात्र राहिली. इटलीचा व्हित्तोरिओ सेल्ला प्रारंभी आल्प्समध्ये ३० बाय ४० सेंटिमीटरच्या प्लेट वापरी; अशी तीन मिलिमीटर जाडीची एक काच सुमारे ९०० ग्रॅम भरते. पुढे १८९९ मध्ये कांचनगंगेच्या प्रदक्षिणेत आणि १९०९ मध्ये के-टूच्या मोहिमेत त्याने आकार कमी केला. तरी हमालांची रांग होतीच.

१७/
या रांगेच्या इतिहासात एक तारीख प्रत्येकाने लक्षात ठेवावी : १४ जानेवारी १९२१. मकरसंक्रांतीची जत्रा, कुमाऊँतील बागेश्वर, सरयू आणि गोमतीचा संगम. बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली जमलेल्या हजारो गावकऱ्यांनी यापुढे बेगार न करण्याची शपथ घेतली आणि ज्यांत बेगारीसाठी माणसांची नावे लिहिलेली असत, त्या वह्या सरयूत बुडवल्या. सरकारला ही पद्धत गुंडाळावी लागली. एरवी नोंदींतून नाव नाहीसे होणे ही शोकांतिका असते. येथे तोच विजय होता.

१८/
बागेश्वरचा कॅमेऱ्याशी थेट संबंध नाही, हे उघड आहे. पण ज्या व्यवस्थेमुळे मोठ्या कॅमेऱ्याच्या वजनाचा विचार करण्याची मालकाला गरजच भासत नव्हती, तिचा पाया असा हादरत होता. दुसरीकडे कोरड्या प्लेटमुळे, आणि पुढे फिल्ममुळे, सगळे सामान एका माणसाच्या पाठीवर मावू लागले होते. फुकटची पाठ मिळेनाशी झाली आणि सामान आटोक्यात आले, की वजन हा छायाचित्रकाराचा स्वतःचा प्रश्न होतो.

१९/
याचे गाजलेले उदाहरण म्हणजे १० एप्रिल १९२७. पंचवीस वर्षांचा ॲन्सेल ॲडम्स मित्रमंडळींसह योसेमिटीत बर्फातून चढत होता. पाठीवर ६.५ बाय ८.५ इंची कॅमेरा, भिंगे, १२ काचेच्या प्लेट आणि लाकडी ट्रायपॉड. सगळे मिळून सुमारे ४० पौंड. हाफ डोमच्या कड्यासमोर पोहोचला तेव्हा दोनच प्लेट उरल्या होत्या. एक पिवळ्या फिल्टरने घेतली. शेवटची गडद लाल फिल्टरने, सुमारे पाच सेकंदांच्या एक्स्पोजरने. तीच 'मोनोलिथ'.

२०/
ते पाच सेकंद महत्त्वाचे आहेत. दिवसभराची चढण, दमलेले पाय, एकच काच, आणि पाच सेकंदांत ट्रायपॉड थरथरला असता तर सारे व्यर्थ. हलका ट्रायपॉड नेला असता तर चढण सोपी झाली असती. पण लाकडात हलकेपणा आणि ताठरपणा एका मर्यादेपलीकडे एकत्र नांदत नाहीत. तरीही लाकूड हा मुळीच वाईट पदार्थ नाही. अ‍ॅश वृक्षाचे लाकूड कंपने फार चांगली शोषते. जर्मनीतील बर्लेबाख ही १८९८ पासूनची कंपनी आजही अ‍ॅशचे ट्रायपॉड बनवते.

२१/
मग अ‍ॅल्युमिनियम आले : ताठ, स्वस्त, टिकाऊ. पण धातूत कंप अधिक काळ घुमतो आणि बर्फाळ पहाटे तो हाताला चावतो. कार्बन फायबरची कथा याला समांतर चालू होती. एडिसनने आपल्या दिव्यासाठी बांबूचे तंतू जाळून कार्बन केले, ते १८८० च्या सुमारास. आधुनिक कार्बन तंतूची वाट मात्र १९५८ मध्ये अमेरिकेतील रॉजर बेकन, त्यानंतर जपानमधील अकिओ शिंदो आणि १९६० च्या दशकात इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधकांनी घडवली.

२२/
या पदार्थाची उणीवही इतिहासाने लवकर दाखवली. रोल्स-रॉइसने आरबी-२११ या विमान इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करण्याचे ठरवले. पक्षी आदळल्यावर काय होते, याच्या चाचणीत ती पाती फुटली. शेवटी टायटॅनियमकडे वळावे लागले. त्या इंजिनाचा खर्च इतका वाढत गेला, की फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. धडा असा : तंतूंच्या दिशेने हा पदार्थ विलक्षण ताठ असतो, आडव्या आघाताला मात्र नाजूक.

२३/
१९९४ मध्ये गिट्झो या मूळच्या फ्रेंच कंपनीने कार्बन फायबरचा ट्रायपॉड बाजारात आणला आणि जुने कोडे बरेचसे सुटले. अ‍ॅल्युमिनियमची घनता सुमारे २.७, कार्बन फायबर आणि राळ यांच्या मिश्रणाची सुमारे १.६. म्हणजे तेवढ्याच आकाराची नळी चाळीस टक्क्यांनी हलकी. शिवाय ती कंप धातूहून लवकर शमवते. पण 'बरेचसे' हा शब्द लक्षात ठेवावा. आता निवडीच्या प्रश्नाकडे येऊ.

२४/
पहिला निकष नळीच्या जाडीचा. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. म्हणून बारीक नळ्यांच्या पाच तुकड्यांच्या पायांपेक्षा जाड नळ्यांचे तीन तुकडे बरे. घडी थोडी लांब होते, पण सर्वांत खालची नळी, जी नेहमीच सर्वांत दुबळी असते, ती दणकट राहते. हलक्या ४ बाय ५ कॅमेऱ्याला वरची नळी २८ मिमीच्या आसपास पुरते. ८ बाय १० साठी ३२ मिमी किंवा अधिक हवी.

२५/
दुसरा निकष : मधला खांब नको. तो वर काढला की तीन पायांवर एक काठी उभी केल्यासारखे होते, आणि तिवईचा सारा फायदा जातो. लार्ज फॉरमॅटमध्ये त्याची गरजही कमीच. काळ्या कापडाखाली थोडे वाकून पाहिले तरी काम होते. तिसरा निकष : जाहिरातीतील 'इतके किलो पेलतो' या आकड्यावर विसंबू नये. तो मोजण्याची सर्व कंपन्यांची एकच रीत नाही, आणि ट्रायपॉड मोडत नाही एवढ्याने तो हलत नाही असे सिद्ध होत नाही.

२६/
चौथा : वरच्या हेडचे वजन हिशेबात धरावे. गोळ्याचे हेड हलके असते, पण मोठा कॅमेरा एकीकडे झुकला की सैल करताच सगळा भार हातावर येतो. प्रत्येक दिशेला वेगळी मूठ असलेले हेड जड, पण नेमके. पाचवा : वारा. ताणलेला भाता शिडासारखा वारा धरतो. पिशवी ट्रायपॉडला टांगायची तर ती जमिनीला टेकलेली असावी. झुलणारी पिशवी स्वतःच कंप देते. कोकणच्या किनाऱ्यावर वापर झाला, तर कार्बन गंजत नाही, पण सांध्यांतील धातू गंजतो. गोड्या पाण्याने धुणे अगत्याचे.

२७/
आणि एक परीक्षा, जिला एक पैसा पडत नाही. आपला कॅमेरा, आपले सर्वांत लांब भिंग आणि ताणलेला भाता ट्रायपॉडवर चढवावा. मागील काचेवर भिंगाने एखादी बारीक रेघ पाहावी आणि पायावर बोटाने टिचकी मारावी. प्रतिमा किती वेळ थरथरते ते मोजावे. दोन ट्रायपॉडमध्ये ज्यावर ती लवकर स्थिरावते तो घ्यावा, थोडा जड असला तरी. मात्र तो घरातून बाहेर न काढण्याइतका जडही नको. ॲडम्सने वाहिलेले ४० पौंड ही बहुतेकांसाठी वरची मर्यादा समजावी.

२८/
आजचा हलका ट्रायपॉड आपल्याला काय देतो? पाठीचे सुख तर देतोच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मोठे, तपशिलाने भरलेले चित्र घेण्यासाठी चाळीस माणसांना गावातून उठवण्याची सत्ता आता लागत नाही. जे काम साम्राज्याच्या जोरावर होई, ते एक विद्यार्थी दोन-तीन वर्षे पैसे साठवून करू शकतो. अर्थात हिमालयातील मोहिमांत हमाल आजही आहेत आणि त्यांच्या ओझ्याचे, मजुरीचे प्रश्नही आहेत. हलक्या सामानाने ते आपोआप सुटत नाहीत.

२९/
एक विनंती. संग्रहालयात किंवा ग्रंथात बोर्नचे, सेल्लाचे हिमालयातील चित्र दिसले, की त्याची चौकट अवश्य डोळे भरून पाहा; ती सुंदर आहे. नंतर चौकटीच्या अलीकडे, कॅमेरा जेथे उभा होता तेथे, क्षणभर लक्ष न्या. त्या तीन पायांपाशी पेट्या उतरवून बसलेली माणसे आहेत. बोर्न अँड शेफर्डच्या सूचीत प्रत्येक निगेटिव्हला क्रमांक आहे. त्या माणसांना क्रमांकही नाही. तुमच्या पाहण्यात अशा ओझेवाल्यांचे जुने चित्र वा नोंद आली असेल, तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.